घरीं घडविलेला वस्तरा

एके काळीं मध्यमवर्गाच्या घरांत आरशाजवळच्या फडताळांत एक वस्तरा ठेवलेला असे. नाहीं तर ठरल्या वारीं धोकटी काखेंत मारून नाभिक दारांत येई. वस्तरा घरचा असो कीं धोकटींतला असो, त्याची जात एकच होती. पोलादाचें एक अखंड पातें, तें मिटून ठेवण्यासाठीं शिंगाची किंवा लाकडाची मूठ, आणि त्या पात्याला निसण्यावर व चामड्यावर पुनः पुनः आणलेली धार. असा वस्तरा बापाकडून मुलाकडे जाई. पुढें १९०४ सालीं अमेरिकेंत किंग कॅम्प जिलेट या गृहस्थाला आपल्या सुरक्षित वस्तऱ्याचें पेटंट मिळालें, आणि बोथट झालेलें पातें पुनः परजण्यापेक्षां फेकून देण्याची रीत हळूहळू जगभर रूढ झाली. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली तेव्हां तिच्या सैनिकांना असे वस्तरे सरकारांतून वांटण्यांत आले, आणि युद्ध संपल्यावर ती संवय घेऊनच ते घरोघर परतले. आज सलूनांत दिसणारा लांब मुठीचा वस्तराही बहुधा बदलतें पातें बसविण्याचा असतो.

असें असतां गेल्या कांहीं दशकांत युरोप-अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं हा जुना वस्तरा पुनः हातीं घेतला आहे. त्यांतील पुष्कळ जण जुने वस्तरे मिळवून त्यांना धार लावण्यांत संतुष्ट असतात. थोडे जण मात्र आणखी एक पाऊल पुढें टाकतात आणि वस्तरा स्वतः घडवूं पाहतात. तोही मोठ्या कारखान्यांत नव्हे, तर मोटार ठेवण्याच्या खोलींत किंवा घरामागच्या छपरींत, बाजारांत स्वस्त मिळणाऱ्या हत्यारांवर. हा उद्योग शक्य आहे काय, आणि शक्य असेल तर त्यांत अवघड तें काय, हा या भाषणाचा विषय आहे. उत्तर थोडक्यांत असें कीं, वस्तऱ्याला महाग यंत्र लागत नाहीं. पण स्वस्त यंत्राचें उणें माणसाला स्वतःच्या लक्षानें भरून काढावें लागतें, आणि तें भरून निघालें कीं नाहीं याची परीक्षा घडविणाऱ्याच्याच गालावर होते.

सुरी आणि वस्तरा यांतील फरक प्रथमदर्शनीं धारेचा वाटतो. वास्तविक तो पाठीचा आहे. सुरीला धार लावतांना ती दगडाशीं किती कोनांत धरावयाची हें हातानें ठरवावें लागतें. वस्तरा दगडावर सपाट निजवितात. त्याची जाड पाठ आणि त्याची धार या दोन्ही एकाच वेळीं दगडाला टेकलेल्या असतात, आणि त्यामुळें धारेचा कोन हाताच्या स्वाधीन न राहतां पात्याच्या घडणींतच कायमचा ठरून जातो. पातें १६ मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें इंचाचे पांच अष्टमांश, इतकें रुंद असेल आणि पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन सुमारें १६ अंश भरतो. हा कोन दाढीला योग्य ठरतो. तेवढ्याच रुंदीच्या पात्याला ६ मिलिमीटरांची पाठ दिली तर कोन सुमारें २२ अंशांवर जातो, आणि असा वस्तरा केंस कापण्याऐवजीं ओढूं लागतो. पाठ ३ मिलिमीटरांवर आणली तर कोन ११ अंशांच्या आसपास येतो, आणि धार इतकी नाजूक होते कीं पहिल्या दाढींतच तिचे टवके उडावे. घडविणाऱ्यानें पहिली रेघ आंखण्यापूर्वींच हा हिशेब केलेला असला पाहिजे. कारण तो चुकला तर पुढचें कोणतेंही कौशल्य तो सुधारूं शकत नाहीं.

या पात्याला साजेसें पोलाद मिळविण्याची माणसाची धडपड जुनी आहे. इंग्लंडांत शेफील्डनजीक बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें १७४० च्या सुमारास मुशींत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसविली, आणि शेफील्डच्या वस्तऱ्यांची कीर्ति पुढें त्याच पोलादावर उभी राहिली. मुशींतलें पोलाद हिंदुस्थानाला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतें. १७९४ सालीं मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. तिकडे तें ‘वुट्झ’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हा नाजूक धारेचीं हत्यारें बनविणारा कारागीर या पोलादावर लुब्ध झाला. आणि त्याच्याच सहकार्यानें मायकेल फॅरडे यानें १८२० च्या आसपास पोलादांत निरनिराळे धातु मिसळून पाहण्याचे प्रयोग केले. विजेच्या शोधांनीं ज्याचें नांव अजरामर झालें त्या या शास्त्रज्ञानें आपल्या प्रयोगांतील पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते. इकडे जर्मनींत सोलिंगेन येथें वुपर नदीच्या व तिच्या ओढ्यांच्या पाण्यावर फिरणाऱ्या साणींनीं पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासण्याची कला पूर्णतेला नेली. त्या गांवाच्या नांवाला १९३८ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें, आणि नदीकांठच्या जुन्या साणघरांपैकीं कांहीं आजही पाहावयास मिळतात.

सोलिंगेनच्या कारागिरामागें पिढ्यांचें शिक्षण होतें. हौशी माणसाजवळ काय असतें? लोखंड कापण्याची एक करवत, दोन-तीन कानशी, वस्तू आवळून धरणारा व्हाइस, भोंकें पाडण्याचें लहानसें यंत्र, आणि ज्यावर सारी भिस्त तें पट्टायंत्र. काचकागदासारख्या खरखरीत कापडाचा अखंड पट्टा दोन-तीन चाकांवरून वेगानें फिरतो, एवढीच या यंत्राची रचना. त्यांतलें सर्वांत स्वस्त यंत्र १ इंच रुंद व ३० इंच लांबीचा पट्टा चालवितें. तें लाकूडकामासाठीं बनविलेलें असतें. त्याची मोटार दुबळी असते, वेग कमी करतां येत नाहीं, आणि हात जरा जोरानें दाबला तर पट्टा जागच्या जागीं थांबतो. या दुबळेपणाचाही एक उपयोग आहे. बलवान यंत्र एका श्वासांत जितकें पोलाद खाऊन टाकतें तितकें खावयाला या यंत्राला पुष्कळ वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळांत नवशिक्याला आपली चूक दिसते.

पोलादाची निवड दोन प्रकारें होते. एक तर तेलांत विझविण्याजोगें हत्यारी पोलाद सपाट पट्टीच्या रूपांत विकत घ्यावयाचें. त्यांत शेंकडा ०.९ च्या आसपास कार्बन असतो, आणि पट्टीच्या जाडीविषयीं खात्री असते. दुसरा मार्ग जुन्या कानशीचा. चांगल्या कानशींत कार्बन याहूनही अधिक असतो, आणि ती फुकटांत मिळते. मात्र अलीकडच्या हलक्या कानशी कित्येकदां वरवरच कठीण केलेल्या असतात. त्यांच्या पोटांत मऊ लोखंड असतें. म्हणून कानशीचा एक तुकडा तापवून, विझवून व मोडून पाहिल्यावांचून तिच्यावर श्रम खर्च करूं नयेत. शिवाय कानस जन्मतःच कठीण असल्यामुळें तिला करवत लागत नाहीं. ती लालभडक तापवून राखेंत पुरून सावकाश, रात्रभर, निवूं द्यावी लागते. तेव्हां कोठें ती मऊ होते.

पट्टीवर वस्तऱ्याची आकृति काढून ती करवतीनें व कानशीनें कापून घेतात. शेपटाकडे मूठ अडकविण्याचें भोंक याच वेळीं पाडावें लागतें, कारण पुढें पातें कठीण झाल्यावर त्याला ड्रिल शिवूं शकत नाहीं. नंतर धारेच्या कडेवर मध्यरेषा आंखावयाची. यासाठीं कारागिरांची एक सोपी युक्ति आहे. पट्टीच्या जाडीएवढ्याच जाडीचें ड्रिल सपाट फरशीवर आडवें ठेवलें कीं त्याचें टोंक नेमकें निम्म्या उंचीवर येतें. पट्टीही त्याच फरशीवर निजवून तिची कड त्या टोंकावरून सरकविली कीं मध्यावर रेघ उमटते. पट्टी उलटवून पुनः रेघ ओढावी. दोन रेघा एकावर एक पडल्या तर मध्य बरोबर साधला. जवळजवळ दोन रेघा उमटल्या तर खरा मध्य त्यांच्यामध्यें आहे असें समजावें. पुढचें सर्व घासणें या रेघेच्या साक्षीनें चालतें. दोन्ही बाजूंनीं सारखें पोलाद निघालें तरच धार मध्यावर येते, आणि धार मध्यावर आली तरच ती दगडावर सरळ बसते.

अग्निसंस्कारापूर्वीं पातें पुरतें पातळ करावयाचें नसतें. धारेच्या जागीं निदान अर्ध्या-पाऊण मिलिमीटरांची जाडी राखून ठेवावी लागते. कागदासारखी पातळ कड भट्टींत गेली तर ती इतर भागाच्या आधीं तापते, वरचा कार्बन जळून जातो, आणि विझवितांना ती वांकते किंवा चिरते. घरगुती भट्टी म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या चार विटांची पेटी आणि तिच्यांत सोडलेली गॅसची ज्योत. उष्णतामापक यंत्र जवळ नसलें तरी पोलाद स्वतःच खूण देतें. सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडला तें लोहचुंबकाला चिकटण्याचें सोडतें. ही खूण पटल्यावर त्याचा रंग किंचित् उजळेपर्यंत, म्हणजे सुमारें ८०० अंशांपर्यंत, तें आणावें आणि शेपटापासून टोंकापर्यंत एकच रंग येईतों तेथेंच धरून ठेवावें. हें काम खोलींत अंधार करून करतात. कारण दिवसाच्या उजेडांत तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांना फसवितो. याहून फार अधिक तापविलें तर पोलादाचे आंतले कण जाड होतात, आणि तसल्या पात्याला बारीक धार कधींच येत नाहीं.

मग पातें तेलांत बुडवावयाचें. साधें खाण्याचें तेल यासाठीं पुरतें. तें पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेलें असावें, म्हणजे तें पातळ होतें व उष्णता लवकर ओढून घेतें. पातें उभें, सरळ आणि एका झटक्यांत तेलांत गेलें पाहिजे. तें तिरपें गेलें तर एक बाजू दुसरीच्या आधीं निवते आणि पातें धनुष्यासारखें वांकतें. कधीं कधीं या क्षणीं तेलाच्या तळांतून बारीकसा ‘टिण्ण’ असा आवाज येतो. तो ज्यानें एकदां ऐकला त्याला दुसऱ्यांदां त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. पात्याला चीर गेलेली असते, आणि तेथपर्यंतचे सारे श्रम व्यर्थ झालेले असतात.

चीर न जातां पातें निघालें म्हणजे त्यावर कानस फिरवून पाहावयाची. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर पोलाद कठीण झालें. परंतु अशा स्थितींत तें काचेइतकेंच ठिसूळही असतें. त्याचा हा ठिसूळपणा काढण्यासाठीं त्याला लगेच सौम्य उष्णता द्यावी लागते. स्वयंपाकघरांतील विजेच्या भट्टींत १८० ते २०० अंशांवर तासदोन तास ठेवून तें निवूं द्यावें, आणि पुनः एकदां तसेंच करावें. घासून लखलखीत केलेल्या भागावर गवताच्या फिक्या काडीसारखी पिवळसर झांक आली म्हणजे काम झालें. हा संस्कार झाल्यावर पोलाद थोडें मऊ होतें, पण चिवट होतें. आणि वस्तऱ्याला कठीणपणाबरोबर या चिवटपणाचीही गरज असते.

येथून पुढें खरा कसोटीचा भाग लागतो. आतां पातें शेवटच्या जाडीपर्यंत घासावयाचें असतें, आणि कठीण झालेल्या पोलादाला तापूं देणें हाच या अवस्थेंतील सर्वांत मोठा अपराध असतो. पट्ट्यावर पोलाद घासलें कीं उष्णता निर्माण होते. जाड भागांत ती पसरून जाते. पण धारेपाशीं तिला जावयाला जागाच नसते. एक क्षण हात रेंगाळला तरी कडेवरून पिवळा, तपकिरी आणि मग निळा रंग धांवत जातो. निळा रंग म्हणजे त्या जागेचें उष्णतामान ३०० अंशांच्या आसपास गेलें. तेथला कठीणपणा उतरला, आणि तो केवळ घासून परत यावयाचा नाहीं. मग तो निळा भाग संपेपर्यंत पातें अरुंद करीत जावें लागतें. आणि पातें अरुंद झालें कीं पाठीशीं असलेलें त्याचें प्रमाण बिघडतें, व आरंभीं केलेला कोनाचा हिशेबही चुकतो. कित्येक दिवसांचें काम अशा एका क्षणांत हातचें जातें. म्हणून अनुभवी माणूस या वेळीं हातमोजे घालीत नाहीं. उघड्या बोटांना पातें कढत लागलें कीं तें ताबडतोब जवळच्या बादलींत बुडवावें, हाच त्याचा उष्णतामापक. शेवटीं शेवटीं तर प्रत्येक घासण्यामागें एक बुडी, असा क्रम ठेवावा लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते: झिजलेला पट्टा कमी कापतो व अधिक तापवितो. काटकसर म्हणून जुनाच पट्टा चालविणारा मनुष्य पट्ट्याची किंमत वांचवितो आणि पातें गमावितो.

पात्याच्या बाजू सपाट ठेवाव्या कीं खोलगट, हा दुसरा प्रश्न. पट्टायंत्राच्या सपाट पाठीवर घासलें तर पातें पाचरीसारखें होतें. जुने इंग्रजी वस्तरे बरेचसे या जातीचे असत. ते भरदार असतात, पण दगडावर त्यांचें पुष्कळ पोलाद झिजवावें लागतें. खोलगट पातें चाकावर घासावें लागतें, आणि खोली किती यावी हें चाकाच्या आकारावर ठरतें. वर सांगितलेलें १६ मिलिमीटर रुंदीचें व ४.५ मिलिमीटर पाठीचें पातें घेतलें तर सपाट पाचरीची मध्यावरची जाडी सव्वादोन मिलिमीटर असते. १५० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर दोन्ही बाजू पूर्ण रुंदीनें घासल्या तर तीच जाडी सुमारें १.४ मिलिमीटर उरते. चाक ७५ मिलिमीटरांचें घेतलें तर मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर राहतो. आणि ५० मिलिमीटरांचें चाक घेतलें तर दोन्ही बाजूंच्या खोली मध्येंच एकमेकींना भेटतात व पात्याला आरपार भोंक पडतें. चाक जितकें लहान तितकी खोली अधिक, आणि चुकीला जागा तितकी कमी. पहिल्या प्रयत्नाला मोठें चाकच बरें. तें विकत घेण्याचीही गरज नसते. प्लायवुडच्या तीन-चार चकत्या एकावर एक चिकटवून, मोटारीच्या दांड्यावर बसवून, तेथेंच फिरती ठेवून गोल करून घेतल्या आणि कांठावर खरखरीत पट्टी चिकटविली कीं पुष्कळांचें काम भागतें. पातें जसजसें पातळ होतें तसतसा त्याचा आवाजही बदलतो. आरंभींचा जड घरघराट जाऊन त्याला एक बारीक सूर येतो. आणि कान तयार झालेला कारागीर त्या सुरावरून किती पोलाद उरलें आहे तें ओळखतो.

घासण्याच्या या कामाला एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. शेफील्डमध्यें कोरड्या दगडी साणीवर काम करणारे मजूर दगडाची व धातूची धूळ रोज फुप्फुसांत ओढीत, आणि त्यांतील पुष्कळांना ऐन तारुण्यांत दम्यासारख्या व्याधीनें मरण येई. १८४३ सालीं डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनीं त्या मजुरांच्या फुप्फुसांच्या रोगावर ग्रंथच लिहिला. घरच्या छपरींतला हौशी माणूस आठवड्यांतून दोन तासच काम करतो हें खरें. पण त्याची खोली लहान असते, खिडकी कित्येकदां बंद असते, आणि मुलें तेथेंच ये-जा करीत असतात. म्हणून तोंडावर धूळ गाळणारा चांगला मुखपट्टा, डोळ्यांवर चष्मा, खोलींत मोकळी हवा आणि जमिनीवरची धूळ ओल्या फडक्यानें पुसून घेणें, या गोष्टी हत्यारांइतक्याच आवश्यक समजल्या पाहिजेत. स्वस्त हत्यारांचा हिशेब मांडतांना हा खर्च वगळूं नये.

घासून झालेला वस्तरा अजून वस्तरा नसतो. त्याला दगडावर घालावें लागतें. प्रथम १००० क्रमांकाचा दगड. त्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढें ठेवून, पातें सरकवीत न्यावयाचें, आणि टोंकाशीं पाठीवर उलटवून परत आणावयाचें. या पहिल्या दगडावरच घडविणाऱ्याच्या कामाचा निकाल लागतो. धारेच्या कांठानें जी चकचकीत रेघ उमटते ती टोंकापासून टांचेपर्यंत सारख्या रुंदीची असेल तर घासणें खरें झालें. ती मध्येंच रुंद झाली तर तेथें पातें जाड राहिलें आहे. एका बाजूला रुंद व दुसऱ्या बाजूला अरुंद दिसली तर पातें वांकलें आहे किंवा धार मध्यावरून सरली आहे. त्यानंतर ४००० किंवा ५००० चा, मग ८००० चा, आणि शेवटीं १२००० च्या आसपासचा दगड. नैसर्गिक दगड वापरणारे लोक बेल्जमच्या आर्डेन्स डोंगरांतील पिवळसर ‘कोटिक्यूल’ दगडाची वाखाणणी करतात. त्याच्या पोटांत गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि तेच पोलाद कापतात. दगडानंतर चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढें असते. चामड्यावर पाठ पुढें व धार मागें, नाहीं तर पट्टाच कापला जातो. सैल धरलेला एक केंस धारेवर टेकवितांच तुटून पडला, तर वस्तरा तयार झाला असें समजण्यास हरकत नाहीं.

मुठीचें काम त्या मानानें सोपें आहे. लाकडाच्या किंवा शिंगाच्या दोन पातळ फळ्या, टोंकाशीं त्यांच्यामध्यें एक लहान पाचर, आणि पितळेच्या बारीक खिळ्या. परंतु येथेंही एक अट आहे. मिटलेलें पातें दोन फळ्यांच्या बरोबर मध्यें, कोणालाही न शिवतां, निजलें पाहिजे. एखाद्या फळीला धार घांसली तर दगडावर घालविलेले तास त्या एका स्पर्शानें वायां जातात.

इतक्या दक्षतेची खरोखर गरज आहे काय, अशी शंका कोणाला येईल. तिचें उत्तर अलीकडच्या संशोधनांत सांपडतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील संशोधकांनीं दाढी करतांना पात्याची धार कशी बिघडते हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, आणि २०२० सालीं आपले निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. केंस पोलादाहून सुमारें ५० पट मऊ. तरीही त्याच्या आघातानें धारेचे टवके उडतात. असें सर्वत्र घडत नाहीं. केंस वांकून पात्याशीं तिरपा लागला, आणि त्याच जागीं पोलादाची आंतली रचना एकसारखी नसली, किंवा धारेला आधींच सूक्ष्म खांच असली, म्हणजे टवका उडतो. हे प्रयोग फेकून देण्याच्या पात्यांवर झाले. पण त्यांतील बोध घरच्या वस्तऱ्यालाही लागू आहे. पोलाद सर्वत्र एकजिनसी असावें, ही तर हंट्समनचीही इच्छा होती. अंधारांत पात्याचा रंग टोंकापासून टांचेपर्यंत एकसारखा येण्याची वाट पाहणारा हौशी कारागीर तेंच साधूं पाहतो.

पहिली दाढी करतांना शहाणा माणूस गळ्याला हात लावीत नाहीं. गाल ओला करून, साबणाचा दाट फेस लावून, दुसऱ्या हातानें कातडी ताणून, पातें जवळजवळ निजतें धरून तो केवळ गालाच्या सपाट भागावरून फिरवितो. वस्तरा ओढूं लागला तर तो थांबतो व पुनः दगडाकडे जातो. अनेकांचें पहिलें पातें दाढीपर्यंत पोंचतच नाहीं. तें वांकतें, चिरतें, निळें पडतें, नाहीं तर जाड राहतें. अशा पात्याची पेन्सिल तासण्याची सुरी होऊं शकते, आणि त्या सुरीकडे पाहून दुसरें पातें अधिक चांगलें होतें.

हा उद्योग सर्वांनींच करावा असें नाहीं, आणि बाजारांतल्या पात्यापेक्षां त्यांत पैसे वांचतात असेंही नाहीं. परंतु पुष्कळ घरांत आजोबांच्या पेटींत अजून एखादा जुना वस्तरा गंजाच्या ठिपक्यांसह पडून असतो, आणि दिवाळीच्या झाडलोटींत तो भंगाराच्या वाट्याला जातो. वस्तरा कसा घडतो हें ज्याला समजलें तो मनुष्य तसें होऊं देण्यापूर्वीं तो उजेडांत नेऊन पाहील. पात्याला चीर नाहीं ना, गंज धारेपर्यंत पोंचलेला नाहीं ना, पाठ दोन्ही बाजूंनीं सारखी झिजली आहे ना, एवढें तपासील. या तीन गोष्टी ठीक असल्या तर त्या पात्याचा अग्निसंस्कार व घासणें हीं दोन्ही कामें कोणा कारागिरानें केव्हांच नीट करून ठेवलेलीं असतात. उरतें तें दगडाचें आणि चामड्याचें काम. आणि तें घरीं बसून, सावकाश, कोणालाही करतां येतें.